दीदीचं कोपर अन् माझा अर्धवट नट

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायचं काम आतापावेतो रिटायर झालेल्या काकालोकांचं होतं. रेल्वेवाले, पोस्टवाले, सिंचाई विभागवाले. मी त्यातला नाही. मी सत्तावीस वर्षांचा आहो, अन् गणपतीच्या कार्यक्रमात ह्याच काकालोकांच्या नकला करून बदनाम आहो. तरी संपादक काकू म्हणाल्या, "तू लिही. तुझ्या वर्कशॉपात काय चालते ते आमच्यात कोणालेच माहीत नाही." खरं आहे. माझ्या आईलेही माहीत नाही. कोणी विचारलं तर ती सांगते, पोट्टा ॲल्युमिनियमच्या खिडक्या करते.

खिडक्या नाही करत आम्ही. शाळा माझी डोंगरगडची, हिंदीतली. मराठी फक्त घरातली. म्हणून जशी बोलतो तशीच लिहून राहिलो, चूकभूल काकू पाहून घेतीन.

रायपुरच्या गुढियारीत, मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. ॲल्युमिनियम प्रोफाइलची टेबलं, रॅक, मशीनभोवतीच्या जाळ्या, असं सगळं आम्ही बनवतो. प्रोफाइल म्हणजे लांब चौकोनी दांडी, अन् तिच्या चारी बाजूले ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खाच. खाचेचं तोंड अरुंद, पोट मोठं. पायजम्याचा नेफा समजा. नाडी नेफ्यात कुठंही सरकते, पण मधूनच बाहेर पडत नाही. तसाच ह्या खाचेत नट सरकते. पाहिजे तिथं नेला, कसला, थांबला. वेल्डिंगचं काम नाही. आज टेबल केलं, उद्या खोलून त्याचाच रॅक करा.

आता ह्या दांड्याईले टोकाजवळ भोक पाडा लागते. ड्रिल मशीनखाली दांडी नुसती हातानं धरली तर ड्रिल तिले घेऊन पंख्यासारखं फिरते, अन् मग दांडी पाहत नाही की समोर कोणाचा जबडा आहे. म्हणून क्लॅम्प. बोल्टानं कसायचा क्लॅम्प धरते चांगला, पण एकेका दांडीले कसा, भोक पाडा, सैल करा, काढा. दिवसभर हेच केलं तर ड्रिलपेक्षा पान्हाच जास्त फिरते. म्हणून दुसरी जात निघाली, क्विक रिलीज. लीव्हर दाबला की पकडलं, उचलला की सोडलं.

क्लॅम्प घेताना लोक फक्त पकड पाहतात. सोडायचं कोणी पाहत नाही. सदर बाजारातल्या एका सराफाले प्रदर्शनासाठी दागिने मांडायचा स्टँड पाहिजे होता. त्याची अट अशी की एकही पान्हा न लावता, नुसत्या हातानं, पाच मिनिटात उघडला पाहिजे. मी तसाच करून दिला. सेठ लय खूश, मले पेढा देल्ला. तिसऱ्या दिवशी फोन. सेठचा आवाज असा की लोट्यात तोंड घालून बोलून राहिला. "भैया, ये तो कोई भी खोल लेगा ना?" मी म्हटलं, हो सेठ, कोणीही. दुसऱ्या दिवशी जाऊन सगळे लीव्हर काढले अन् बोल्ट ठोकून आलो.

तेव्हापासून कोणी क्लॅम्प मागितला की मी आधी विचारतो, उघडणार कोण आहे? हा प्रश्न मी त्या सराफापाशी शिकलो. अन् जिथं विचारायचा होता तिथंच विसरलो.

रमशीला दीदी आमच्या चार ड्रिल टेबलांपैकी पहिल्यावर अकरा वर्षांपासून आहे. मले ड्रिल तिनंच शिकवलं. पहिल्या दिवशी मी पूर्ण बाहीचा नवा शर्ट घालून गेलतो, आईनं घेतलेला. दीदीनं एक शब्द न बोलता कैची आणली अन् दोन्ही बाह्या कोपरापर्यंत कापून टाकल्या. मग सांगतलं की लोंबती बाही ड्रिलमध्ये गेली तर मागून हातही जाते. आई घरी शर्टासाठी रडली, पण मी त्या दिवसापासून दीदीचा चेला झालो.

मागच्या वर्षी दीदी अंडरब्रिजच्या उतारावर स्कूटीवरून पडली. उजवं मनगट मोडलं, आत प्लेट टाकली. तीन महिन्यांनी परत कामावर आली तेव्हा हात होता, पण मनगट वळतच नव्हतं. तळहात वर करायचा म्हटलं तर अख्खा खांदा घेऊन वळा लागे. अंगठ्यातही जोर नव्हता.

आता जे सांगतो ते सांगायले चांगलं वाटत नाही. दीदी आल्याच्या तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेले मी तिची नक्कल केली. मनगट कडक, खांदा वाकडा, कप पकडताना मान एकीकडे. पोट्टे हसून हसून लोळले. मग एकदम हसणं थांबलं. दीदी माझ्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. ती छत्तीसगढीत बोलते. म्हणाली, "बने करथस रे. फेर मोर कोहनी ला भुला गेस." म्हणजे, छान करतोस रे, पण माझं कोपर विसरलास. अन् आपला चहा घेऊन निघून गेली. तिनं दोन थापडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमचे मालक, त्याईले सगळे भैयाजी म्हणतात, माणूस खराब नाही. तीन महिने त्याईनं दीदीची जागा भरली नाही. पण नवा रायपुरच्या एका कॉलेजच्या लॅबच्या टेबलांची ऑर्डर आली, अन् आमच्याकडे भोकं पडल्याशिवाय पुढचं कोणतंच काम हलत नाही. जुन्या क्लॅम्पले गोल मूठ होती, नळासारखी फिरवायची. दीदी ती डाव्या हातानं, वाकून, कशीबशी फिरवे. मागं दांड्यांचा ढीग साचून राहिला. शेवटी भैयाजीनं तिच्यासमोरच सांगतलं की शनिवारी दुपारपर्यंत एक पूर्ण रॅक दांड्या निघाल्या तर ठीक. नाही तर तिच्या ड्रिलवर आमच्यातला संतोष, अन् दीदी पॅकिंगवर. पगार तोच राहीन.

दीदीले पगाराचं नव्हतं. मले एवढंच म्हणाली, टेप तर कोणीही चिपकवते.

मी म्हटलं, भैयाजी, नवा क्लॅम्प मी निवडतो. चहाच्या नकलेचं ओझं होतंच डोक्यावर. ठरवलं की काहीही होवो, दीदी त्या टेबलावरून उठणार नाही.

आधी मी उभ्या दांड्याचा टॉगल क्लॅम्प आणला, दांडा ओढला की खटकन अडकणारा. हा वेल्डिंगच्या दुकानापासून गाड्यांच्या बॉडीशॉपपर्यंत सगळीकडे दिसते. धरते मजबूत, पण एकाच जाडीले. आमच्या दांड्या दोन मापाच्या, तीस मिलीमीटर अन् चाळीस. माप बदललं की टोकाचा बोल्ट पान्ह्यानं वरखाली करा. म्हणजे पुन्हा पान्हा, पुन्हा मनगट. अर्ध्या दिवसात तो मी काढून टाकला.

दुसरा मी दिसण्यावर घेतला, हे कबूल करतो. काळा कुळकुळीत लीव्हर, त्याच्या बुडाशी एक वाकडं चाक, एकीकडून फुगलेलं. लीव्हर पाडला की फुगलेला भाग दांडीवर दाबते. दोन बोटांनी चालते, मापाचंही टेन्शन नाही. बुधवारी सकाळी मी तो ड्रिलच्या टेबलावर बसवला. ते टेबलही प्रोफाइलचंच, खाचा असलेलं. क्लॅम्पचं बूड खाचेत बोल्टानं धरा लागते, अन् त्यासाठी मी घेतला हातोडी-नट.

ह्या नटाचं डोकं लांबुळकं असते अन् बोल्ट त्याले जुळलेलाच, दोघं संगंच फिरतात. खाचेच्या तोंडातून उभा टाका, मग पाव फेरा फिरवा. आडवा झाला की दोन्ही टोकं खाचेच्या ओठांखाली अडकतात. गंमत अशी की नट अर्धाच फिरला तरी कसताना घट्टच लागते. हाताले समजत नाही. म्हणून बोल्टाच्या शेंड्यावर एक रेघ कोरलेली असते. ती खाचेले आडवी दिसली की नट बसला. ती रेघ पाहणं हे आमच्या धंद्यातलं अ आ इ ई आहे.

मी पाहिली नाही. मी तेव्हा भैयाजीची नक्कल करत होतो, फोनवर पार्टीले "माल निकल गया है" म्हणतात अन् माल समोर पडलेला असते, ती. लोक हसून राहिले होते, मी पान्हा फिरवून राहिलो होतो.

दीदीनं अकरा दांड्या काढल्या. लीव्हर उचलताना तिचा खांदा वळे, पण मले मस्तच चाललेलं दिसलं. बाराव्या दांडीले ड्रिल लागलं अन् क्लॅम्प बुडासकट उपटून आला. दांडी गरकन फिरली, जाळीवर आदळली, ड्रिल मोडून त्याचा तुकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये घुसला. कोणाले लागलं नाही. जाळी आम्हीच बनवलेली, एवढं एक चांगलं केलतं.

भैयाजी केबिनमधून धावत आले. खाली क्लॅम्प पडलेला, लीव्हर अर्धा उघडा. त्याईनं लीव्हर पाहिला, मग दीदीचा हात पाहिला, अन् म्हणाले की लीव्हर पूर्ण बंद झालाच नव्हता, हातात जान नाही. दीदीनंही आपल्या हाताकडे पाहिलं, जसा तो दुसऱ्या कोणाचा आहे. "हव भैया," म्हणाली, "हाथ मा जोर नइ हे."

मी क्लॅम्प उचलायले वाकलो तर खाच दिसली. ओठांवर फक्त दोन कोपऱ्यांपुरते ओरखडे होते. नट पूर्ण फिरलेला असता तर खाचेचे ओठ उपटून निघाला असता. मले त्याच मिनिटाले समजलं की लीव्हरचा अन् हाताचा काही संबंध नाही. नट अर्धवट होता. तो मी कसला होता.

अन् मी गप्प राहिलो.

काकालोक आपल्या आठवणीत लिहितात की मले एका गोष्टीचा पश्चात्ताप आहे. मी हसत होतो त्याले. माझी गोष्ट ती एक संध्याकाळ आहे. दीदीनं टेबलाच्या खणातून आपलं सामान काढलं. कापड, चष्मा, ड्रिलचा चुरा झाडायचा ब्रश. सगळं पिशवीत भरलं अन् पाच वाजता माझ्यासमोरून गेली. घरी आईनं विचारलं, काहून रे, आज कोणाचीच नक्कल नाही? मी म्हटलं, भूक लागली.

सकाळी सगळ्याईच्या आधी पोचलो. भैयाजीच्या केबिनमध्ये उभा राहिलो अन् सांगून टाकलं की नट मी कसला होता अन् तो अर्धाच फिरला होता. त्याईनं मोबाइलवरून नजरही उचलली नाही.

"दीदी को बचा रहा है. अच्छी बात है. जा, काम कर."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार वर्षं मी त्या वर्कशॉपात एक वाक्य धड सरळ बोललो नव्हतो. आता खरं बोललो तर त्याले भाव कोणी कायले देईन? पण मी ठरवून आलतो. एक दांडी टेबलाले बांधली, तिच्या खाचेत दोन नट लावले. एक पूर्ण फिरवलेला, एक अर्धा. दोन्हीवर एकेक पट्टी कसली, बोल्टांचे शेंडे चिकटपट्टीनं झाकले. भैयाजीले हात धरून म्हणावं तसं बाहेर आणलं अन् म्हटलं, ओढून पाहा, सैल कोणता आहे?

त्याईनं ओढलं. दोन्ही घट्ट. पान्हा लावला. दोन्ही घट्ट. तोपर्यंत सगळे जमा झाले होते, दीदीही पिशवी घेऊन दारात उभी. मग मी ड्रिल मशीन चालू करून दांडीले टेकवलं, नुसतं थरथरायसाठी. दहापर्यंत मोजलं नसन, अर्ध्या नटवाली पट्टी टणकन उडून खाली पडली. दुसरी जागची हलली नाही.

भैयाजीनं खाली पडलेली पट्टी उचलली. मग म्हणाले, "तो कल क्यों नहीं बोला?"

मी म्हटलं, डर गया था. ते म्हणाले, मले नको सांगू, तिले सांग.

मी दीदीले सांगतलं. पूर्ण. नक्कल करत होतो तेही. तिनं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "त मोर हाथ नइ रिहिस?" म्हणजे, मग चूक माझ्या हाताची नव्हती?

"नइ रिहिस, दीदी."

तिनं पिशवी खाली ठेवली. चष्मा काढून पुसला, घातला. "त बइठे काबर हस? बना." म्हणजे, मग बसलास काहून? बनव.

मी काही बसलो नव्हतो, उभाच होतो. पण बनवायचं होतं, अन् हातात दोन दिवस होते.

ह्या वेळेस मी दुकानात आधी गेलो नाही. स्टीलची सहा इंची पट्टी घेतली, उजव्या मनगटाले टेपनं गच्च बांधली, म्हणजे मनगट वळणार नाही. अंगठा तळहाताले चिकटवला. अन् गुरुवारी दिवसभर ड्रिलवर असंच काम केलं. संतोषले वाटलं नवी नक्कल आहे, तो हसायले लागला. दीदी हसली नाही. स्टूल ओढून बाजूले बसली अन् पाहत राहिली.

गोल मूठ फिरलीच नाही. तो काळा लीव्हर पाडता आला, पण उचलायले तळहात वर पाहिजे, तो होत नव्हता. उभा टॉगल खाली ओढता आला, पण सोडताना अंगठ्याचा जोर लागे. दुपारपावेतो माझा खांदा भरून आला, अन् मग एक गोष्ट ध्यानात आली. दांडी सरकवून थांबवायच्या ठोकळ्याले टेकवताना मी हात वापरतच नव्हतो. कोपर आपोआप पुढं जाऊन दांडीले ढकलून राहिलं होतं. मी दीदीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अब दिखिस?" आता दिसलं? ती परत आल्यापासून अर्धं काम कोपरानंच करत होती. आम्ही सगळे तिचा हात पाहत होतो.

शुक्रवारी मी गुढियारीच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो अन् त्याचे सगळे क्लॅम्प काउंटरवर मांडून एकेक कोपरानं चालवून पाहिला. तो म्हणे, भैया, हात नाहीत काय? मी म्हटलं, तसंच समजा. शेवटी एक सापडला. दांडा आडवा, बंद झाला की सपाट झोपते. अन् जाडीचं माप आपणच घेते, म्हणजे तीसची दांडी असो की चाळीसची, पान्हा लावा लागत नाही. टोकाले रबर, कारण ॲल्युमिनियम नरम असते, नुसतं लोखंड दाबलं तर डाग पडते. त्याच्या दांड्याले मी पाइपचा एक आडवा तुकडा लावला, वरून रबरी नळी चढवली. वरून कोपर दाबलं की बंद. खालून हाताचा मधला भाग उचलला की उघडा. मनगटाले काहीच काम नाही. बुडाले दोन बोल्ट, अन् नट ह्या वेळेस लांब पट्टीचे, जे खाचेच्या टोकातून सरकवूनच घाला लागतात. ते अर्धे फिरूच शकत नाहीत, कारण फिरतच नाहीत.

बसवताना दीदी टेबलापाशी उभी राहिली अन् मी क्लॅम्प खाचेतून सरकवत गेलो. अजून थोडा, अजून, नाही, मागं, हां. जिथं तिचं कोपर सहज पडलं तिथं मी थांबलो. चार वर्षं ह्या खाचा हाताखालून गेल्या, पण त्या कायले असतात ते मले त्या दिवशी समजलं. माणसाले क्लॅम्पापाशी जा लागत नाही. क्लॅम्प माणसापाशी येते. मी तोंड बंद ठेवून बोल्ट कसले. दीदीनं हातोडीच्या दांड्यानं दोन्हीकडून ठोकून पाहिलं. माझ्यावर भरोसा होता की नाही माहीत नाही. ठोकलं हेच बरोबर केलं.

शनिवारी भैयाजी हात मागं बांधून उभे. कोपर खाली, ठक. ड्रिल, घुर्र. हात वर, ठक. चाळीसच्या दांड्या निघून गेल्या. मग पहिली तीसची दांडी आली अन् क्लॅम्पचा आवाज थोडा हलका आला. सगळ्याईनं ऐकला. दीदी थांबली. ड्रिल खाली आणलं नाही. डाव्या हातानं दांडी धरून जोरानं हलवली, पुन्हा हलवली. हलली नाही. माझ्याकडे न पाहता तिनं ड्रिल खाली ओढलं. घुर्र. ठक.

जेवणाची शिटी व्हायच्या आधी रॅक भरला. भैयाजीनं शेवटची दांडी उजेडात धरून भोक पाहिलं, परत ठेवली, अन् केबिनकडे जाता जाता म्हणाले, "पैकिंग पे संतोष को बैठाओ." दीदीनं पिशवीतून ब्रश काढून टेबलाच्या खणात ठेवला.

नकला मी सोडल्या नाही. काकालोकांनी येत्या वर्षी गणपतीत पुढच्या रांगेत बसू नये. फक्त हातात पान्हा असला की तोंड बंद ठेवतो, अन् बोल्टाची रेघ दोनदा पाहतो.

लॅबची ऑर्डर गेल्यावर भैयाजीनं हिशोब लावला की सगळ्यात जास्त दांड्या दीदीच्याच टेबलावरून निघून राहिल्या. कोणाच्या मनगटाले थकवा नाही, दोन्ही हात दांडी धरायले मोकळे. मग बाकीच्या तीन टेबलांवरही तेच क्लॅम्प बसले. आता नवा माणूस कामावर आला की चक्रावते. चांगले धडधाकट हात असलेली माणसं कोपरानं काहून काम करून राहिली? कोणी सांगत नाही. दीदी त्याच्या बाह्या कापते, त्याले टेबलापाशी उभा करते अन् कोपर धरून क्लॅम्पवर ठेवते.

चार टेबलं आहेत आमची. सकाळी नऊपासून चारीवर सगळे दीदीचीच नक्कल करतात, मीही. कोणी हसत नाही. अन् कोपर कोणीच विसरत नाही.